बारावी पास, पण कशात?

दिवाळी अंकात माणसाने गोड लिहावे, असा संकेत आहे. फराळाच्या ताटात कारल्याची भाजी वाढू नये, हे मलाही कळते. पण चिवड्याला मिरची लागतेच, आणि ती दाताखाली आली म्हणून कोणी ताटावरून उठून जात नाही. तेव्हा वाचकहो, हा लेख त्या मिरचीच्या जागी समजा आणि थोडे पाणी जवळ ठेवून वाचा.

मी सणसवाडीचा. पुण्याहून नगर रस्त्याने निघाले की कोरेगाव भीमाच्या पुढे आणि शिक्रापूरच्या अलीकडे आमचे गाव लागते. माझ्या लहानपणी येथे ज्वारी-बाजरीची राने होती. आज त्याच रानांत पत्र्याच्या उंच शेड आहेत आणि त्यांच्या भिंतींवर साऱ्या जगातल्या कंपन्यांच्या पाट्या आहेत. पुढे रांजणगावपर्यंत हीच कथा. मी स्वतः एका औद्योगिक प्रशिक्षण संस्थेत, म्हणजे आपल्या आयटीआयमध्ये, बत्तीस वर्षे शिल्पनिदेशक होतो. फिटरच्या वर्गाला कानस कशी धरावी येथपासून शिकवीत आलो. हे सांगण्याचे कारण बढाई नाही. उलट पुढे जो गुन्हा कबूल करायचा आहे, तो या ओळखीमुळे दुप्पट होतो, म्हणून सांगितले.

गेल्या भाऊबीजेला बहिणीकडे गेलो होतो. ओवाळून झाले, ताटात ओवाळणी पडली, आणि तिने निरांजन बाजूला ठेवता ठेवता सहज विचारावे तसे विचारले, "दादा, तूच म्हणाला होतास ना, पोराला सायन्सला घाल म्हणून?"

मी म्हणालो, "हो."

"मग आता तूच सांग, त्याला काय येतं?"

पोरगा तेव्हा घरात नव्हता. सण असूनही दुसऱ्या पाळीला गेला होता. बारावी पास झालेला, एकोणीस वर्षांचा माझा भाचा एका ठेकेदाराच्या हाताखाली 'हेल्पर' होता. पुठ्ठ्याची खोकी उचलायची, पट्टी मारायची, रचून ठेवायची. सात-आठ महिने झाले की ठेकेदार नाव कमी करतो आणि पुन्हा नव्याने लावतो. बहिणीच्या प्रश्नाला माझ्याजवळ उत्तर नव्हते. त्याला काय येते? तो बारावी पास होता. पण कशात?

आता माझी कबुली ऐका. दहावी झाली तेव्हा हा मुलगा माझ्याकडे येऊन म्हणाला होता, "मामा, मला तुमच्यासारखं फिटर व्हायचंय." सायकल उघडून बसवणारा, घरची पाण्याची मोटर दुरुस्त करणारा पोर. आणि बत्तीस वर्षे परक्यांच्या मुलांना फिटर करणारा मी त्याला काय म्हणालो? "अरे, मार्क बरे आहेत तुझे. आयटीआय कसलं करतोस? सायन्स घे." आपला धंदा लोकांच्या लेकरांना चांगला आणि आपल्या भाच्याला हलका! मोठा न्यायाधीश मी! त्याला सायन्सला घातले, खाजगी शिकवणीचे पैसे बहिणीने दोन म्हशी विकून भरले, आणि दोन वर्षांनी जेमतेम टक्क्यांचा एक कागद हाती आला. तो कागद दाखवला तर पुढच्या परीक्षेला बसता येते. तो दाखवून काही करता मात्र येत नाही.

हे दुखणे माझ्या बहिणीच्या एकटीच्या घरचे असते, तर मी ते अंकात मांडले नसते. सकाळी सहाला आमच्या चौकात येऊन उभे राहा. कंपन्यांच्या बसगाड्या पुण्याच्या बाजूने भरून येतात. त्यांतून कसबी माणसे उतरतात, मोजणारी, जोडणारी, यंत्र लावणारी. आणि ज्यांच्या बापांच्या जमिनीवर त्या शेड उभ्या आहेत ती मुले फाटकाबाहेर ठेकेदाराच्या माणसाची वाट पाहत असतात. जमीन गेली ती पैसा देऊन गेली, त्याचे घर झाले, गाडी झाली, लग्ने झाली. पण जमिनीच्या जागी हातात कसब आले नाही. उत्तम शेती, मध्यम व्यापार, कनिष्ठ नोकरी, असे आपले वाडवडील म्हणत. त्या उतरंडीच्या तळाला आपण आणखी एक गाडगे मांडले, आणि त्याचे नाव हेल्पर.

कोणी म्हणेल, शिक्षणात धंदा आणा ही ओरड काय आजची आहे? नाही, आजची नाही, आणि म्हणूनच तर संताप येतो. 1882 साली जोतीराव फुल्यांनी हंटर कमिशनपुढे निवेदन दिले, त्यात खेड्यातल्या शाळेत शेतीचे प्राथमिक ज्ञान शिकवा असे सांगितले. 1890 साली बडोद्यात सयाजीरावांच्या आश्रयाने प्रा. गज्जर यांनी कलाभवन काढले आणि यंत्रविद्या, रंगविद्या देशी भाषेतून शिकवता येते हे दाखवून दिले. 1937 साली वर्ध्याला गांधीजींनी नयी तालीम मांडली. 1966 साली कोठारी आयोगाने कार्यानुभवाचा आग्रह धरला. पुढे आम्ही त्या कार्यानुभवाचे काय केले, ते तुम्हांला आठवत असेल: शुक्रवारचा शेवटचा तास, क्रेपच्या कागदाची फुले आणि तपासनीस येणार असतील त्या दिवशी मेणबत्त्या!

सत्तरीच्या दशकात दहा अधिक दोन असा आकृतिबंध आला. तो आणताना सांगितले होते की दहावीनंतर बरीच मुले धंद्याच्या वाटेने जातील. 1986 च्या राष्ट्रीय धोरणाने तर आकडाच लिहून दिला: 1995 पर्यंत उच्च माध्यमिकची शंभरातली पंचवीस मुले व्यवसाय अभ्यासक्रमात असतील. आपल्या महाराष्ट्राने 'किमान कौशल्यावर आधारित' अभ्यासक्रम काढले. योजना वाईट नव्हती, पण तिचे नाव उच्चारताना मास्तरच ओठ मुरडीत. जिला कोठेच प्रवेश मिळत नाही तिने तेथे जावे, असा तिचा लौकिक झाला. सायन्सच्या मुलांसाठी द्विलक्षी विषय ठेवले; ते मुलांनी घेतले खरे, पण हातात कसब यावे म्हणून थोडेच? मार्क जास्त पडतात म्हणून! आणि मग 2020 चे नवे धोरण आले. त्यानेच छापून सांगितले की 19 ते 24 वयाच्या आपल्या कामकऱ्यांत रीतसर व्यवसायशिक्षण झालेले शंभरात पाचसुद्धा नाहीत. जर्मनीत पंचाहत्तर, दक्षिण कोरियात शहाण्णव. त्याच धोरणाने 2025 पर्यंत निम्म्या विद्यार्थ्यांना व्यवसायशिक्षणाचा परिचय घडवण्याचे योजले होते. ते सालही आले. आमच्या चौकातली गर्दी तेवढीच आहे.

आता या मताविरुद्ध जे बोलले जाते, ते टाळून पुढे जाणे बरे नव्हे. त्यात एक आक्षेप असा आहे की जो ऐकून मी स्वतः अनेकदा गप्प झालो आहे. माझ्या वर्गातल्या एका मुलाचे वडील मला म्हणाले होते, "सर, साहेबांची पोरं साहेब होणार आणि आमच्या पोरांनी मात्र कानस घासायची, हीच का तुमची सुधारणा?" हा प्रश्न हसण्यावारी नेण्यासारखा नाही. ज्या देशात हजारो वर्षे हाताचे काम जातीने वाटून दिले, तेथे 'मुलाला हुन्नर शिकवा' या शब्दांचा वास संशयास्पद येणारच. 1953 साली मद्रास प्रांतात राजाजींनी अर्धा दिवस शाळा आणि अर्धा दिवस घरचा धंदा अशी योजना आणली. ही तर बापाची जात मुलाच्या कपाळी मारण्याची युक्ती, असे म्हणून लोक उठले, आणि 1954 साली कामराजांनी ती रद्द केली. ठीकच झाले. मुलगा काय शिकणार हे बापाच्या धंद्यावरून ठरवणारी योजना कितीही स्वस्त असो, ती बुडालेलीच बरी.

पण म्हणून हुन्नरच नको, हे अनुमान कोठून निघाले? त्या गृहस्थांच्या प्रश्नाचे खरे उत्तर असे की, कानस दोघांच्याही हाती द्या, आणि वरचे दार दोघांनाही उघडे ठेवा. डॉक्टरच्या मुलाने आठवीत असताना लाकूड रंधावे, वायर जोडावी, रोपाला कलम बांधावे. आणि शेतकऱ्याच्या मुलाने दहावीनंतर फिटर होऊन पुढे मनात आले तर इंजिनियर व्हावे. दार अगदीच बंद आहे असेही नाही. दहावीनंतर दोन वर्षांचा आयटीआय केलेल्या मुलाला तंत्रनिकेतनाच्या दुसऱ्या वर्षाला थेट प्रवेश मिळू शकतो. 2023 साली केंद्राने श्रेयांकांचा आराखडा जाहीर केला. त्यात शाळेतले शिकणे आणि धंद्यातले शिकणे एकाच वहीत जमा व्हावे, असे म्हटले आहे. पण दार असून चालत नाही. ते कोठे आहे हे मुलाला दहावीच्या निकालाच्या दिवशी कोणीतरी सांगावे लागते. मला ते माहीत होते आणि मी भाच्याला सांगितले नाही! मग ज्याचा मामा शिल्पनिदेशक नाही, त्याची काय कथा?

दुसरा आक्षेप शहाण्या लोकांचा. ते म्हणतात, आता यंत्रमानव आले, संगणक विचार करू लागला; फिटर-वेल्डर शिकवून काय उपयोग, दहा वर्षांत ते धंदेच राहणार नाहीत. धंदे बदलतील, हे मला कबूल आहे. पण माझ्या वर्गात मुलगा पहिले तीन महिने काय शिकतो, ते या मंडळींनी येऊन पाहावे. लोखंडाचा एक तुकडा कानशीने घासून काटकोनात आणायचा. मग त्याला गुण्या लावून तो उजेडासमोर धरायचा. गुण्याच्या खालून उजेडाची रेघ दिसली, की जॉब चुकला. तेथे वशिला चालत नाही, गाइड चालत नाही, पाठांतर चालत नाही. स्वतःची चूक स्वतःच्या डोळ्यांनी पाहायची, आणि ती दुरुस्त होईपर्यंत पुन्हा घासायचे. मापाची ही शिस्त, नकाशा वाचण्याची ही दृष्टी एकदा अंगी आली, की समोर लेथ असो वा यंत्रमानव, तो मुलगा शिकून घेतो. उलट ज्याला केवळ अपेक्षित प्रश्नसंच पाठ करता येतो, त्याचे काम संगणक आजच करू लागला आहे. मग भीती कोणी बाळगायची?

तिसरा आक्षेप कारखानदारांचा, आणि तो फार मानभावी आहे. ते म्हणतात, "आम्ही मुलांना प्रशिक्षण देतोच की." देता ना? मग पाहू. 1961 चा शिकाऊ उमेदवारांचा कायदा आहे. 2019 पासूनच्या नियमांप्रमाणे ज्या आस्थापनेत तीस किंवा अधिक माणसे आहेत, तिने त्यांच्या अडीच ते पंधरा टक्के इतके उमेदवार घेतलेच पाहिजेत. कायदा म्हणतो की उमेदवार हा कामगार नव्हे, तो शिकणारा आहे. म्हणून कामगार कायद्यांचे बहुतेक ओझे मालकावर पडत नाही. कल्पना उत्तम. पण जो शिकणारा म्हणून सवलतीत मिळतो, त्याला शिकवले किती हे कोण तपासतो? आमच्या पट्ट्यात मी अशी मुले पाहिली आहेत की ती एका वर्षात एकच खटका दाबायला शिकली. वर्ष संपले, खटका राहिला, मुलगा गेला, त्याच्या जागी दुसरा आला. 2013 पासून काही वर्षे 'नीम' नावाची योजना होती; त्यातही प्रशिक्षणार्थी या गोंडस नावाखाली बिनहक्काचा मजूर उभा करण्याचे प्रकार झाले. नाव सोनूबाई आणि हाती कथलाचा वाळा!

शासनाचे तरी निराळे काय? 2024 साली युवा कार्य प्रशिक्षणाची योजना निघाली: बारावी पास असेल तर महिना सहा हजार, आयटीआय किंवा पदविका असेल तर आठ, पदवीधराला दहा, मुदत सहा महिने, आणि मागाहून ती आणखी पाच महिने वाढवली. गरिबाच्या घरी सहा हजार येतात त्याचा मी द्वेष करणार नाही. पण सहा महिने कचेरीत फायली वाहून नेणाऱ्या मुलाने शेवटी काय शिकल्याचा दाखला मिळवला? पैसे दिल्याने पोट भरते, हात तयार होत नाही. मुलाला मासे द्या की मासेमारी शिकवा, हा वाद जुना झाला. आमच्याकडे मासे वाटण्याच्या कार्यक्रमालाच मासेमारीचा वर्ग म्हणतात!

जर्मनीचे नाव वर आले, म्हणून तेथली एकच गोष्ट सांगतो. तेथे 1969 पासून कायदाच आहे. सोळा-अठरा वर्षांचा मुलगा कारखान्याशी करार करतो. आठवड्याचे तीन-चार दिवस कारखान्यात आणि एक-दोन दिवस शाळेत, असे बहुधा तीन वर्षे चालते. पण खरी गोम परीक्षेत आहे. परीक्षा घेणाऱ्या मंडळात मालकांचे प्रतिनिधी असतात, कामगारांचे असतात आणि व्यवसायशाळेचे शिक्षकही असतात. ज्याने राबवून घेतले त्याच्या एकट्याच्या सहीने दाखला मिळत नाही. म्हणून त्या दाखल्याला देशभर किंमत आहे.

आणि जर्मनी दूर वाटत असेल, तर आमचा शिरूर तालुका पाहा. शिक्रापूरवरून उत्तरेला वळले की पाबळ लागते. लोक त्या गावाला मस्तानीच्या समाधीमुळे ओळखतात. मी ते गाव दुसऱ्या कारणाने ओळखतो. 1983 साली डॉ. श्रीनाथ कलबाग नावाचा एक शास्त्रज्ञ, अमेरिकेत डॉक्टरेट केलेला, मुंबईतल्या मोठ्या कंपनीच्या संशोधनशाळेत काम केलेला, ते सारे सोडून या कोरडवाहू गावात आला आणि त्याने विज्ञान आश्रम काढला. शाळेत न रमलेली, नापास झालेली मुले त्याने जवळ केली आणि करता करता शिका, असे सांगितले. अभियांत्रिकी, ऊर्जा आणि पर्यावरण, शेती आणि पशुपालन, घर आणि आरोग्य, असे चार विभाग. मुलाने चारही ठिकाणी हात घालायचा, आणि जे शिकेल त्याचा गावाला उपयोग करून द्यायचा. त्यातून शाळांसाठी 'मूलभूत तंत्रज्ञान' हा विषय उभा राहिला. 2002 साली अमेरिकेतल्या एमआयटीने आपल्या आवाराबाहेरच्या पहिल्यावहिल्या 'फॅब लॅब'पैकी एक काढली, ती या पाबळला! डॉ. कलबाग 2003 साली गेले. आश्रम चालू आहे. आणि त्याच तालुक्यातल्या चौकात आमची मुले ठेकेदाराची वाट पाहत उभी आहेत. काखेत कळसा आणि गावाला वळसा, तो हाच.

माझी मागणी काय, असे कोणी विचारील. चंद्र मागत नाही. दहावीनंतर जो मुलगा किंवा मुलगी दोन वर्षे हुन्नर शिकेल, त्याला सोबत मराठी, इंग्रजी आणि गणित शिकवा, आणि त्याच्या दाखल्याला बारावीचाच मान द्या. दुय्यम रंगाचा कागद देऊ नका. दाखल्यावर टक्के छापा, पण त्याखाली काय करता येते तेही छापा: अमुक मापापर्यंत अचूक काम करतो, नकाशा वाचतो, तीन फेजची जोडणी करतो. दर चार-पाच कनिष्ठ महाविद्यालयांमागे एक खरी कर्मशाळा काढा, आणि तेथे शिकवायला कारखान्यात वीस वर्षे काढलेला कारागीर घ्या, बी. एड. नाही म्हणून त्याला दारातून परत पाठवू नका. शिकाऊ उमेदवाराच्या हाती त्याची वही असू द्या: या महिन्यात काय शिकवायचे होते आणि काय शिकवले, असे दोन रकाने. दुसरा रकाना कोरा राहिला, तर मालकाची सवलत काढून घ्या. आणि परीक्षा तिसऱ्याने घ्यावी.

मुलींचे मी मुद्दाम शेवटी लिहितो, कारण घरोघरी त्यांचा विचार शेवटीच होतो. आमच्या पट्ट्यातल्या जोडणीच्या रांगांवर मुली बसतात, बारीक काम त्या मुलांपेक्षा नीट करतात, आणि लग्न ठरले की उठून जातात. त्यांच्या नावावर कसबाची ओळही लागत नाही. माझ्या वर्गात फिटरला ज्या थोड्या मुली आल्या, त्यांच्या गुण्याखालून उजेड क्वचितच दिसला, एवढेच सांगतो.

सरकार जागे होईल तेव्हा होईल. पण हा अंक सरकार वाचत नाही, तुम्ही वाचता; म्हणून तुमच्याशीच शेवटचे बोलतो. व्यवसायशिक्षण मागे पडले ते एकट्या शासनामुळे नाही. ते तुमच्या-माझ्या बैठकीच्या खोलीत मागे पडले. पाहुणे आले की आपण विचारतो, "कितवीला? किती टक्के?" हाताला काय येते, असे कोणी विचारीत नाही. मुलगी दाखवताना मुलाची पदवी विचारतो. नळ गळू लागला की प्लंबरला दहादा फोन करतो, त्याच्या मिनतवाऱ्या करतो, आणि आपला मुलगा प्लंबर होतो म्हणाला तर घरात सुतक पडते!

त्या भाऊबीजेनंतर आठ दिवसांनी मी बहिणीकडे पुन्हा गेलो. भाचा घरी होता. त्याला म्हणालो, "बाबा, माझी चूक झाली. मी तुला माझाच धंदा हलका म्हणून सांगितला." तो ओशाळला. मोठ्या माणसाने माफी मागण्याची आपल्याकडे रीत नाही. मग म्हणाला, "मामा, आता एकोणिसाव्या वर्षी आयटीआयला गेलो तर पोरं हसतील." मी म्हटले, "हसू देत. मी तुझ्याबरोबर फॉर्म भरायला येतो."

यंदा ऑगस्टमध्ये त्याने फिटरला प्रवेश घेतला. काही वर्षे उशिरा, दोन म्हशी गमावून. परवा त्याने पहिला जॉब आणून माझ्या हातात ठेवला. मी गुण्या लावला आणि खिडकीकडे धरला. एका कडेला उजेडाची बारीक रेघ होती. मी काही बोललो नाही. त्यानेच ती पाहिली आणि म्हणाला, "अजून घासायला पाहिजे."

वाचकहो, या मुलाला आता काहीतरी येऊ लागले आहे. यंदा भाऊबीजेला तुमच्या घरी कोणी सोळा-सतरा वर्षांचा भाचा-पुतण्या, भाची-पुतणी जेवायला बसली, तर टक्के विचारण्याआधी एवढे विचारा: बाळा, तुला काय करायला आवडते? आणि त्याने खरे उत्तर दिले, तर माझ्यासारखे करू नका.